पाठीवर काय, ट्रकात काय

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरच्या, वय ५८, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेल्या. सप्टेंबरच्या मध्यावर त्या नणंदेबरोबर स्पेनला निघाल्या आहेत. लेओन शहरापासून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, कामिनोच्या जुन्या यात्रावाटेने, साधारण ३१० किलोमीटर, १८ दिवसांत, पायी. बेत मुळात यजमानांचा होता. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आळंदी ते पंढरपूर वारी ताईंनी दोनदा केली आहे, त्यामुळे चालण्याची धास्ती नाही. धास्ती आहे ती सॅकची. सगळं भरून काट्यावर ठेवली तर ११ किलो ४०० ग्रॅम भरली, तीही पाण्याशिवाय. ताईंचं स्वतःचं वजन ५६ किलो. चार वेळा सॅक रिकामी केली आणि चारही वेळा जवळजवळ सगळं परत आत गेलं. सामान पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवायची सोय आहे हे कळलंय, पण भाचा म्हणतो, मग पायी केलं असं कशाला म्हणायचं? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: यजमानांचा कॅमेरा न्यायचा आहे, लेन्ससकट १ किलो ३०० ग्रॅम, आणि सगळे म्हणतात आधी तोच काढ. "नेमकं काय काढू, तेवढं सांगा."

ताई,

तुमची यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले, आणि मग वजनांपेक्षा माझं लक्ष कंसांकडे जायला लागलं. चौदा वस्तूंपुढे तुम्ही कंस केला आहे. गरम पाण्याची पिशवी (बहीण म्हणाली). दुसरी पॉवर बँक (मुलगा). साखळी आणि कुलूप (शेजारचे काका). स्टीलचा डबा (सूनबाई). जाड स्वेटर (पुन्हा बहीण). म्हणजे तुमच्या सॅकमध्ये तुमच्या सामानाबरोबर पाच-सहा माणसांची काळजीही भरलेली आहे. माया आहे म्हणूनच त्यांनी ती दिली, हे मला कळतं. पण ती काळजी वाहायची आहे तुम्हाला एकटीला, रोज सतरा-अठरा किलोमीटर. बहिणीला रोज संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर फोन करा. तिला जे हवं आहे ते त्या फोनमधून मिळेल, गरम पाण्याच्या पिशवीतून मिळणार नाही.

आता तुमचा प्रश्न. "काय काढू" असं विचारलंत म्हणूनच चार वेळा सॅक परत भरली. वस्तू एकदा आत गेली की तिला बाहेर काढायला कारण शोधावं लागतं, आणि घरी बसून तेवढं भक्कम कारण काही सापडत नाही. छत्री का काढायची? पाऊस तर येणारच आहे. मग छत्री राहते. हेच उलटं करून बघा. सगळं पलंगावर ओता, सॅक भिंतीला टेकवून रिकामी ठेवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. मग एकेक वस्तू हातात घेऊन एकच विचारा: ही मी रोज वापरणार आहे का? रोज वापरणार ती आत. औषधं, पावसाचा कोट आणि एक ऊबदार कपडा यांना हा नियम लावू नका, ते न विचारता आत. बाकी सगळं पलंगावर राहू दे. "लागलं तर" म्हणून ठेवलेल्या वस्तू अशा वेळी आपोआप बाहेर राहतात.

आणि या "लागलं तर"बद्दल जरा बोलायला हवं, कारण तुमचे निदान तीन किलो तिथे आहेत. आपण सह्याद्रीत ट्रेकला जातो तेव्हा पायथ्याचं गाव सुटलं की वर काही मिळणार नाही, ही खूणगाठ बांधलेली असते. ती तिथे बरोबरच आहे. कामिनोची वाट तशी नाही. ती हजारएक वर्षांची यात्रावाट आहे, गावागावांतून जाते आणि चालणाऱ्यांवरच त्या वाटेवरच्या कित्येक गावांचं पोट आहे. लेओन सोडलं की आस्तोर्गा, पोनफेरादा, व्हियाफ्रांका, सारिया, मेलिदे, आर्सुआ ही सगळी बाजारपेठेची गावं. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ती 'फार्मासिया', म्हणजे औषधाचं दुकान. पायाच्या फोडांवरच्या जेलच्या पट्ट्या, गुडघ्याचा पट्टा, दुखण्यावरचं मलम, सगळं तिथे मिळतं, आणि चालणाऱ्यांचे पाय बघायची त्या दुकानदारांना सवय असते. साधारण लांब म्हणावा असा टप्पा एकच, रबानाल ते मोलिनासेका, डोंगरावरचा. तिथेही मध्ये चहा-कॉफीला गावं आहेत. एवढंच लक्षात ठेवा की दुपारी दोनच्या सुमारास बरीच दुकानं बंद होतात ती पाचला उघडतात, आणि रविवारी लहान गावात काही उघडं असेल असं धरून चालू नका. शनिवारी संध्याकाळी रविवारची सोय करायची.

"पण तिकडे सगळं महाग," असं तुम्ही लिहिलंय. युरो शंभर रुपयांच्या घरात गेल्यावर कुणालाही ते वाटणारच, आणि साबणाच्या वडीला दोनशे रुपये देताना आपला जीव वर-खाली होतो. म्हणून एक करा. ५० युरोची एक नोट वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा: लागलं तर. खर्च झालेच म्हणून समजा. सॅकमधली प्रत्येक "लागलं तर"वाली वस्तू काढताना त्या पाकिटाकडे बोट दाखवायचं. खरंच लागलं, तर तिथे घ्यायचं. त्या नोटेचं वजन एखादा ग्रॅम.

वजनाचा आकडा किती हवा? शरीराच्या वजनाच्या दहा टक्के, असं चालणारे सांगतात. तुमच्या हिशेबात ते साडेपाच किलोच्या थोडं वर येतं. अंगाने बारीक असलेल्या बायकांवर हा नियम जरा अन्यायच करतो, कारण माणूस लहान म्हणून झोपायची पिशवी काही हलकी होत नाही. तेव्हा साडेपाचला अडून बसू नका. पाणी सोडून सहापर्यंत आलात की पुरे. दुसरं एक सोयीचं माप म्हणजे विमानाचं. बऱ्याच विमान कंपन्या हातसामानाला ७ किलोची मर्यादा घालतात. सॅक त्यात बसली तर ती तुमच्याजवळ राहील आणि माद्रिदला पोचल्यावर सामान आलं नाही ही भीतीच उरणार नाही. फक्त चालण्याच्या काठ्या, कात्री, चाकू हे हातसामानात चालत नाही. काठ्या लेओनला पोचून घ्या, पण घ्याच. का ते पुढे सांगते.

मोठी वजनं तीनच ठिकाणी असतात: सॅक, अंथरूण-पांघरूण आणि कपडे. तुमची सॅक ६० लिटरची आहे आणि रिकामीच २ किलो १०० ग्रॅम भरते. ती मुलाची हिमालयातली, हे वाचून हसू आलं, कारण प्रत्येक घरात अशी एक सॅक असतेच. ती त्याला परत द्या. ३५ ते ४० लिटरची, कमरेला चांगला रुंद पट्टा असलेली, सव्वा किलोच्या आतली घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. मोठ्या सॅकचा त्रास तिच्या वजनाएवढाच नसतो. जागा दिसली की आपला हात भरत सुटतो. आणि ती पाठीवर घालून बघताना कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसतो का ते आधी बघा. ओझं कमरेने उचलायचं असतं, खांद्यांनी नाही.

झोपायचं म्हणाल तर वाटेवर 'अल्बेर्गे' असतात, म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेसारखे मुक्काम, एका खोलीत आठ-दहा ते कधी चाळीस जणांचे दोनमजली पलंग. बऱ्याच ठिकाणी गादीवर घालायला पातळ कागदी चादर देतात. ब्लँकेट काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी नसतं, तेव्हा त्यावर विसंबू नका. सप्टेंबरच्या शेवटी डोंगरावर रात्री गारठा असतो; क्रूस दे फेर्रोपाशी वाट दीड हजार मीटरवर जाते आणि ओ सेब्रेइरो हे गाव तेराशे मीटरवर आहे. तुमची दीड किलोची स्लीपिंग बॅग मात्र तिथे फार होते. सातशे-आठशे ग्रॅमची पातळ पुरते. तिच्या आत घालायला मी जे केलं ते सांगते. एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली तलम सुती साडी घेतली, साधारण सव्वाचार मीटर तुकडा दुमडून दोन्ही बाजूंनी शिवला, आणि दोन मीटर लांबीची खोळ तयार झाली. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. उकडलं तर नुसती तीच, गारठा असेल तर ती आत आणि बॅग वर. परक्या पलंगावर, परक्या छताखाली डोळे मिटताना नाकाशी आईच्या साडीचं सूत होतं, हा त्या शिवणाचा हिशेबाबाहेरचा फायदा.

टर्किश टॉवेल काढा, ताई. तो भरतो अर्धा किलो, आणि ओला झाला की एका रात्रीत वाळत नाही, मग सकाळी त्याचं पाणीही आपणच वाहायचं. आपला पंचा न्या. दीडशे ग्रॅमच्या आत, पिळला की अर्धा वाळतो.

कपड्यांबद्दल तुमची अडचण मला नीट समजली. पुरुषांबरोबर एकाच खोलीत झोपायचं, म्हणून तुम्ही दोन गाऊन, त्यावर घालायचा कोट, शिवाय फिरायला तीन पंजाबी ड्रेस घेतले आहेत. हा संकोच खरा आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण कपडे वाढवून तो जाणार नाही. तिथे चालतं ते असं: अंगावर एक चालायचा जोड, सॅकमध्ये एक संध्याकाळचा. मुक्कामी पोचलं की अंघोळ, संध्याकाळचा जोड घालायचा, चालायचा जोड तिथल्या तिथे धुऊन दोरीवर टाकायचा. संध्याकाळच्या जोडातच जेवायला जायचं, त्यातच झोपायचं. पूर्ण बाह्यांचा सैल टी-शर्ट आणि सैल विजार असली की गाऊनचं काम भागतं. आतले कपडे तीन जोड, पायमोजे तीन. सकाळपर्यंत मोजे ओले राहिले तर मोठ्या सेफ्टी पिनांनी सॅकला टाचून चालायला लागायचं. वाटेवर निम्म्या लोकांच्या पाठीवर मोजे वाळत असतात. आणि एक सुती ओढणी घ्याच. उन्हात डोक्याला, देवळात खांद्यावर, आणि खालचा पलंग मिळाला तर वरच्या पलंगाच्या कडेला खोचून पडद्यासारखी. एवढ्या एका ओढणीने तुमचा अर्धा संकोच जाईल. अंघोळीला जाताना पासपोर्ट, पैसे आणि फोन एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायचे, तिथेच खुंटीला टांगायचे. साखळी-कुलूप त्यासाठी लागत नाही.

खाण्याकडे वळते, कारण तिथे २ किलो ६०० ग्रॅम आहेत. तुपातले लाडू, खवा घातलेल्या वड्या आणि तुपाची बाटली ही तीन तर काढावीच लागतील. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि तूप हा दुधाचाच पदार्थ. भाजणीचं पीठ एक किलो घेतलंय, पण तिथे तवा मिळेलच असं नाही. सांतियागोकडच्या गालिसिया भागातल्या सरकारी मुक्कामांत स्वयंपाकघर असतं पण कित्येकदा आत भांडंच नसतं. डाळ-तांदूळ तर नेऊच नका. तांदूळ तिथे कुठल्याही दुकानात मिळतो, मसूर आणि छोले शिजवलेले काचेच्या बरणीत मिळतात, नुसते गरम करायचे. माझ्या मते तुम्ही न्यायच्या फक्त तीन पुड्या: पन्नास ग्रॅम गोडा मसाला, शंभर ग्रॅम मेतकूट आणि थोडी दाण्याची चटणी. बरणीतल्या मसुरात टोमॅटो चिरून घातला आणि वर चिमूटभर गोडा मसाला, की दिवसभराच्या चालण्यानंतर त्या वासाने काय वाटतं ते मी सांगायला नको. बाहेर जेवताना नुसतं 'व्हेहेतारियाना' (शाकाहारी) म्हणून भागत नाही, सॅलडमध्ये ट्यूना मासा आणि मसुरात डुकराच्या मांसाचा तुकडा सहज निघतो. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन," म्हणजे मांस नको, मासा नको, हॅम नको, हे तिन्ही म्हणायचं. अंडं चालतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत. चालत असेल तर बटाट्याची जाड 'तोर्तिया' जवळपास प्रत्येक बारमध्ये मिळते आणि पोटभरीची असते. न चालणाऱ्यांना टोमॅटो लावलेला पाव, चीज, फळं, शेंगदाणे-बदाम यांवर दिवस काढता येतो, मुक्कामी स्वयंपाकघर असेल तेव्हा गरम जेवण.

औषधांत काटकसर करू नका, हे मुद्दाम लिहिते, कारण हलकं करण्याच्या भरात लोक तेच करतात. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या जास्त, मूळ पट्टीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि विमानात हाताशी. बाकी सर्दी, खोकला, पोट, अंगदुखी यांचा जो अर्धा किलोचा डबा आहे, त्यातलं प्रत्येकी चार-सहा गोळ्यांचं एक पाकीट करा. गुडघ्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. निघण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, त्यात संकोच नको.

नणंदबाई बरोबर आहेत, हे तुम्ही सॅक भरताना विसरलात असं दिसतं. दोघींकडे मिळून चार चार्जर, दोन नेलकटर, दोन टूथपेस्ट, दोन खोबरेल तेलाच्या बाटल्या, दोन कपडे धुण्याचे साबण आहेत. एका दुपारी दोघी समोरासमोर बसा आणि वाटून घ्या. एकच वडी अंगालाही आणि कपड्यांनाही. आपला दोन गोल पिनांचा फोनचा चार्जर तिकडच्या सॉकेटमध्ये बसतो, वीजही २३० व्होल्टचीच, त्यामुळे तो जाडजूड अॅडाप्टर नको. फक्त एक लक्षात ठेवा, पासपोर्ट, पैसे आणि औषधं वाटायची नाहीत. एखाद्या दिवशी एक पुढे, एक मागे राहते.

मी स्वतः ही वाट चालले तेव्हा पाठीवर साडेनऊ किलो होते. रबानालच्या पुढे चढ चढताना काही वाटलं नाही. त्रास झाला तो उतरताना. क्रूस दे फेर्रोपासून मोलिनासेकापर्यंत वाट दीड हजार मीटरवरून सहाशेवर येते, पायाखाली सुटे दगड आणि उभ्या पाटांचे खडक. प्रत्येक पावलाला सॅक मागून ढकलते आणि तो धक्का गुडघा घेतो. काठ्या घ्या म्हटलं ते यासाठी. त्या रात्री ज्या मुक्कामी थांबले, तिथे दाराशी एक लाकडी फळी होती, लोकांनी नको झालेलं सामान ठेवून दिलेली. जीन्सच्या दोन पँट, केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, शाम्पूची जेमतेम उघडलेली मोठी बाटली, एक कापडी बाहुली. मी टर्किश टॉवेल आणि एक पुस्तक ठेवलं, आणि उरलेलं दोन किलो पोनफेरादाच्या टपाल कचेरीतून सांतियागोला पाठवून दिलं. स्पेनच्या टपाल खात्याची, 'कोर्रेओस'ची, ही सोय आहे, पार्सल पुढे जाऊन तुमची वाट बघतं. तुम्हीही लेओनला एक-दोन दिवस राहणार आहात, तिथेच ठरवून टाका.

आता भाच्याचं म्हणणं. सामान गाडीने पाठवलं तर पायी केलं कसं म्हणायचं?

ताई, हा प्रश्न तुम्हाला पडावा याचं मला नवल वाटलं. तुम्ही दोन वाऱ्या केल्या आहेत. तुमची वळकटी कुठे होती? दिंडीच्या ट्रकात. राहुट्या, भांडी, शिधा, सगळं ट्रकात. पहाटे वळकटी बांधून ट्रकापाशी नेऊन द्यायची आणि संध्याकाळी मुक्कामी ती शोधून काढायची. दिवे घाट चढून आलेल्या माणसाला कुणी विचारलं का, की तुझं अंथरूण ट्रकातून आलं, मग तू वारी केलीस का? आणि त्याच दिंडीत, पुढे, डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बाया असतात. ते वृंदावन काही ट्रकात जात नाही. हलकं असतं म्हणून नाही, चार तास मानेवर घेऊन बघितलं की कळतं. अंथरूण कुणीही नेलं तरी चालतं, तुळस मात्र ज्याची त्याने न्यायची, एवढी साधी वाटणी आपल्याकडे कधीची झालेली आहे.

कामिनोवरही याला कुणी हरकत घेत नाही. सांतियागोला मिळणाऱ्या 'कोम्पोस्तेला' या प्रमाणपत्राची अट चालण्याची आहे, पायी निदान शंभर किलोमीटर, आणि वाटेत यात्रेकरूंच्या पुस्तिकेवर शिक्के घेण्याची. सॅक कुणी वाहिली हे विचारत नाहीत. व्यवस्थाही सोपी. मुक्कामी एक पाकीट मिळतं, त्यावर आपलं नाव, पुढच्या मुक्कामाचं नाव लिहायचं, आत पैसे घालायचे, टप्प्याला साधारण पाच ते सात युरो, आणि सॅकला बांधून सकाळी आठच्या आत दाराशी ठेवायची. दोन गोष्टी मात्र जपा. पुढचा मुक्काम आदल्या दिवशी ठरलेला हवा. आणि बऱ्याच सरकारी मुक्कामांत अशा पाठवलेल्या सॅक घेत नाहीत, तेव्हा त्या दिवशी खासगी जागा बघायची. दिवसाच्या पिशवीत पासपोर्ट, पैसे, फोन, त्या दिवसाच्या गोळ्या, पावसाचा कोट, पाणी, खाऊ. हे कधीही गाडीत द्यायचं नाही.

मी तुम्हाला रोज सॅक पाठवा असं म्हणत नाही. सहा किलो असेल तर सपाट टप्प्यांवर ती पाठीवर असण्यातही सुख आहे. सावली दिसली की थांबता येतं, मुक्काम आवडला नाही तर पुढे जाता येतं. पण मोलिनासेकाचा उतार, ओ सेब्रेइरोचा चढ, आणि गुडघा कुरकुरेल तो कुठलाही दिवस, या दिवशी बिनदिक्कत पाठवा. दोघींची एकच सॅक पाठवून दुसरीत दिवसाचं सामान ठेवलंत आणि ती आळीपाळीने घेतलीत तर खर्चही निम्मा.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि ती सगळ्यात शेवटी. मला वाटतं, चार वेळा सॅक भरली-काढली ती त्या ओळीपायी. तो काढायचा नसेल तर मग दुसरं काहीच का काढायचं, असं कुठेतरी होत असावं. सगळे म्हणतात आधी तो काढ, आणि वजनाच्या हिशेबाने ते बरोबरच आहेत, फोनमध्ये चांगले फोटो निघतात. पण त्याला वजनाच्या हिशेबात ओढायचं कारणच नाही. गरम पाण्याची पिशवी आणि हा कॅमेरा एका काट्यावर ठेवू नका. पिशवी भीतीने आली आहे. कॅमेरा तसा आलेला नाही. तो तुमच्या तुळशीच्या जागी आहे.

तेव्हा आधी त्याची जागा ठरवा, मग बाकीचं सामान भरा. दोन प्रश्न मात्र स्वतःला विचारून ठेवा. तुम्हाला त्याने फोटो काढायचे आहेत का? का तो फक्त बरोबर हवा आहे? दोन्हींत काही चूक नाही, पण सोय वेगळी लागते. काढायचे असतील तर तो सॅकच्या तळाशी जाऊन उपयोगाचा नाही, गळ्यात किंवा छातीशी लहान पिशवीत हवा, एकच लेन्स, चार्जर आणि एक जास्तीची बॅटरी. मग त्याच्या दीड किलोपायी सॅक पाठवायचे दिवस वाढवा. फक्त बरोबर हवा असेल, तर त्याचा पट्टा किंवा लेन्सचं झाकण नेलं तरी तो आलाच, असं कुणाला वाटू शकतं, कुणाला नाही. ते तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. घरातल्यांना याची कारणं देत बसू नका.

हे घरी बसून ठरणार नाही, चालूनच ठरेल. तुमच्या हातात अजून सात-आठ आठवडे आहेत, आणि कोल्हापूरचा जुलै आहे, म्हणजे गालिसियाच्या पावसाची तालीम आयतीच झाली. नवी सॅक, खरं सामान, खरे बूट, सगळं घेऊन एका रविवारी पहाटे जोतिबाला चालत जा. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे हवेत, तासा-दोन तासांनी पाय सुजतो. पावसातच जा. सॅकवरच्या आवरणातून पाठीकडून पाणी आत जातं, म्हणून आत एक जाड, लांब प्लास्टिकची पिशवी घालून सगळं तिच्यात भरा. मुक्कामी मात्र ती आदल्या रात्रीच आवरून ठेवा, पहाटे पाचला चाळीस माणसांच्या खोलीत ती फार वाजते. घरी आल्यावर न वापरलेल्या वस्तू पलंगावर काढून ठेवा. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारपर्यंत सॅक सहावर येईल.

आणि पहिल्याच रविवारी कॅमेरा गळ्यात घालून निघा. जुन्या कॅमेऱ्यांचा पट्टा अरुंद असतो, तासाभराने मानेला कापायला लागतो. तसा लागला तर पट्टा बदलून रुंद, मऊ घ्या, बाजारात सहज मिळतात. जुना पट्टा टाकू नका, त्याने स्लीपिंग बॅगची वळकटी चांगली आवळून बांधता येते.